लाइन आली, टॉमकॅट सुरू झालं, तरी पट्टी निघत नाही

नागपूरला कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे आम्ही हिशोबाची वेब प्रणाली बसवून दिली आहे. उबुंटू लिनक्स, जावा ११, जावाचे वेब प्रोग्राम चालवणारं टॉमकॅट, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. माल तोलला, भाव ठरला, हमाली-तोलाई वजा झाली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, द्यायची, एवढंच काम. पण ती पट्टी वेळेवर निघाली नाही तर रात्रभर गाडीवर बसून आलेला माणूस दुपारपर्यंत तिथेच अडकतो. त्यामुळे मुनीमजींचा सकाळी साडेसातला फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो.

"भाऊ, पट्टी पुन्हा निघून नाही राहिली. बाकी सारं सुरू आहे. शेतकरी समोर बसून आहेत जी."

मे महिन्यात हे तीन वेळा झालं. दर वेळी आदल्या संध्याकाळी वादळ, मग लाइन गेलेली, यूपीएस संपलेला. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालेली. कुणीतरी टॉमकॅट हातानं चालू केलेलं. लॉगिन होतं, वजनाची नोंद होते, रजिस्टर उघडतं. फक्त पट्टीवर क्लिक केलं की पाचशे क्रमांकाची चूक, म्हणजे सर्व्हरच्या आतच काहीतरी पडलं. कधी कधी तर अख्खं टॉमकॅटच रात्रीतून गायब.

ज्यांच्याकडे असंच होत असेल त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो. कमांड मी देवनागरीत, उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमनमध्ये करायच्या.

आधी एक खुलासा. बिघाडाचं मूळ शेवटी पडद्यात, म्हणजे मॉनिटरच्या भानगडीत, निघालं. सर्व्हरवरच्या प्रोग्रामला पडद्याशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. आम्ही पट्टी आधी चित्र म्हणून काढतो आणि मग ते चित्र पीडीएफमध्ये बसवतो. कारण आमच्याकडच्या जुन्या पीडीएफ लायब्ररीला देवनागरीची जोडणी जमत नाही: "किलो" लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी क च्या मागे जाऊन ल च्या डोक्यावर बसते. जावाचं स्वतःचं चित्र काढण्याचं यंत्र ही जोडणी नीट करतं. जावा ९ पासून तर त्यात हार्फबझ हे अक्षरजोडणीचं इंजिन आहे. पण हे यंत्र एडब्ल्यूटी नावाच्या जुन्या खात्यातलं, आणि ते खातं मुळात खिडक्या-बटणं काढायला बांधलेलं. त्यामुळे साधं अक्षर मोजायला गेलं तरी ते आधी विचारतं, पडदा आहे का? आलेख काढणारे, फोटो लहान करणारे, बारकोड छापणारे, रिपोर्ट बनवणारे बरेच जावा प्रोग्राम ह्याच दारातून जातात.

लॉग बघताना आम्ही पहिली चूक केली. शेवटच्या दोनशे ओळी बघितल्या. त्यात दर क्लिकला एकच ओळ होती: नोक्लासडेफफाउंडएरर, कुड नॉट इनिशियलाइज क्लास, आणि पुढे एक्स११ग्राफिक्सएन्व्हायर्न्मेंट. ती वाचून वाटतं की एखादी जार फाइल, म्हणजे जावाच्या कोडची गठडी, हरवली. आमच्या ऑफिसातल्या एका मुलानं दोन रात्री जार बदलण्यात घालवल्या.

ती ओळ खरी असली तरी दुसऱ्या नंबरची आहे. जावामध्ये एखादा क्लास पहिल्यांदा उभा राहताना पडला, तर ती प्रक्रिया चालू असेपर्यंत तो पुन्हा उभा राहत नाही. खरं कारण पहिल्या वेळेलाच एकदा छापलं जातं, नंतर नुसतं "उभा करता आला नाही". म्हणून लॉग शेवटाकडून न वाचता टॉमकॅट सुरू झाल्यापासूनची पहिली चूक शोधा. आम्ही शोधली तेव्हा वर, पहाटेच्या पहिल्या पट्टीपाशी, हे होतं: कॅन्ट कनेक्ट टू एक्स११ विंडो सर्व्हर, युजिंग लोकलहोस्ट:१०.० ॲज द व्हॅल्यू ऑफ द डिस्प्ले व्हेरिएबल.

लोकलहोस्ट:१०.० हा आकडा दिसला आणि मी माझ्या लॅपटॉपकडे बघितलं.

एक्स११ म्हणजे लिनक्स-युनिक्सवर पडदा सांभाळणारी १९८७ सालापासूनची पद्धत. कुठल्या पडद्यावर काढायचं हे डिस्प्ले नावाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या एका सेटिंगमध्ये, लिहिलेलं असतं. मशीनला जोडलेला मॉनिटर बहुधा :० असतो. एसएसएचनं, म्हणजे दुरून मशीनच्या टर्मिनलमध्ये शिरण्याच्या सोयीनं, येताना पडदाही सोबत न्यायचा, म्हणजे एक्स फॉरवर्डिंग सुरू असेल, तर एसएसएच सर्व्हरवर एक खोटा पडदा उभा करतं, आणि त्याचे नंबर नेहमीप्रमाणे १० पासून सुरू होतात. माझ्या लॅपटॉपवर उबुंटूच आहे. दुसऱ्या एका कामासाठी मी एसएसएचच्या सेटिंगमध्ये हे फॉरवर्डिंग कायमचं सुरू करून ठेवलेलं होतं.

म्हणजे लाइन आल्यावर घडत होतं ते असं. टॉमकॅट आपोआप उठत नव्हतं. मी सक्करदऱ्याहून घरूनच शिरायचो आणि टॉमकॅट सुरू करणारी स्टार्टअप डॉट एसएच चालवायचो. टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रोग्रामला त्या टर्मिनलचं सगळं एन्व्हायर्न्मेंट वारशानं मिळतं, त्यात माझा लोकलहोस्ट:१०.० सुद्धा. मग मी लॅपटॉप मिटून झोपायचो. पडदा गेला, पत्ता राहिला. सकाळी पहिली पट्टी त्या पत्त्यावर दार ठोठावायची आणि तिथे कुणीच नसायचं.

कधी मी झोपण्याआधी काळजीनं एक पट्टी काढून बघायचो. तेव्हा ती निघायची, कारण लॅपटॉप उघडा असायचा. पण मग लॅपटॉप मिटला की एडब्ल्यूटीनं धरून ठेवलेली पडद्याशी जोडणी तुटायची, आणि एक्सच्या लायब्ररीत जोडणी तुटली की सबंध प्रक्रियाच बंद होते. टॉमकॅट रात्रीतून गायब होण्याचं कारण हे. तपासून बघितलं म्हणून जास्त बिघडायचं.

मुनीमजींच्या हाताखालचा मुलगा कधी दुकानातच मॉनिटरसमोर बसून टर्मिनलमधून सुरू करायचा. त्याचा पत्ता :०. तो दिवसभर छान चालायचा. संध्याकाळी त्यानं लॉगआउट केलं की तीच गत.

आणि आमचा एक सहकारी आहे, तो विंडोजवरून पुट्टी ह्या एसएसएचच्या प्रोग्रामनं यायचा. त्यानं सुरू केलं की महिना महिना काही होत नसे. ऑफिसात सगळे म्हणायचे, ह्याच्या हाताला गुण आहे. पुट्टीत एक्स फॉरवर्डिंग मुळात बंद असतं, म्हणून त्याच्या टर्मिनलमध्ये डिस्प्ले हे व्हेरिएबलच नसायचं. लिनक्सवर डिस्प्ले रिकामं दिसलं की जावा स्वतःच ठरवतं की पडदा नाही, आणि पडद्याविना चित्र काढतं. म्हणजे मशीनवर डेस्कटॉप असणं-नसणं हा मुद्दाच नव्हता. पडदा नसला तरी चालतं, असला तरी चालतं. घात होतो तो असल्याचा नुसता पत्ता हातात असला म्हणजे.

तुमच्याकडे हेच आहे का, हे एका मिनिटात कळतं. चालू टॉमकॅटचा पीआयडी, म्हणजे प्रक्रियेचा नंबर, काढा. मग प्रोक फोल्डरात त्या नंबरखाली एन्व्हायरन नावाची फाइल असते, ती वाचा आणि त्यात डिस्प्ले शोधा. प्रक्रिया जन्मली तेव्हा तिच्या हातात काय होतं ते तिथे जसंच्या तसं असतं. ओळींच्या मध्ये शून्य बाइट असतात, म्हणून टीआर कमांडनं त्यांच्या नव्या ओळी करून घ्या, नाहीतर सगळं एकमेकांना चिकटून दिसेल. तिथे डिस्प्ले दिसलं की रोग सापडला.

उपायाचा गाभा एकच: टॉमकॅट कुणाच्याही टर्मिनलमधून सुरू करायचं नाही. माझ्या नाही, मुनीमजींच्या मुलाच्या नाही, गुण असलेल्या हाताच्याही नाही. हातानं सुरू करणं हाच आमचा "उपाय" होता आणि पुढच्या बिघाडाचं बीही तोच पेरत होता.

सुरू करण्याचं काम सिस्टिमडीला, म्हणजे उबुंटूत सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला, द्या. ईटीसीमधल्या सिस्टिमडी फोल्डरात, सिस्टिमखाली टॉमकॅट डॉट सर्व्हिस ही फाइल करा. युनिटच्या भागात आफ्टर म्हणून नेटवर्क आणि पोस्टग्रेस लिहा. सर्व्हिसच्या भागात यूजर वेगळा द्या, आम्ही टॉमकॅट नावाचाच ठेवला, रूट नको. टाइप सिंपल, आणि एक्झेकस्टार्टमध्ये स्टार्टअप डॉट एसएच न देता कॅटालिना डॉट एसएच रन द्या. स्टार्टअपवालं टॉमकॅटला मागे ढकलून स्वतः निघून जातं, मग सिस्टिमडीला मूळ प्रक्रिया सांभाळता येत नाही. रीस्टार्ट ऑन-फेल्युअर, रीस्टार्टसेक १०. इन्स्टॉलच्या भागात वॉन्टेडबाय मल्टी-यूजर डॉट टार्गेट.

ह्यात एक ओळ बहुतेक जण विसरतात: सक्सेसएक्झिटस्टेटस १४३. सिस्टिमडीनं थांबायला सांगितलं की जावा १४३ हा कोड देऊन बाहेर पडतं, आणि ही ओळ नसेल तर नीट थांबवलेली सेवासुद्धा लाल अक्षरात अयशस्वी दिसते. मग पहाटे अर्धवट झोपेत बघणारा माणूस भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो.

फाइल झाली की सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड, आणि मग सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ टॉमकॅट. ह्यापुढे सुरू-बंद फक्त सिस्टिमसीटीएलनं. तिथे तुमच्या टर्मिनलचं एन्व्हायर्न्मेंट पोचतच नाही, मग तुम्ही कुठल्या पडद्यावरून आलात ह्याला महत्त्व उरत नाही.

एवढ्यानं काम भागतं, पण मी एक कडी अजून लावतो. जावाला स्पष्ट सांगायचं की पडदा शोधू नकोस: -डी लावून जावा.एडब्ल्यूटी.हेडलेस=ट्रू. ही सोय जावा १.४ पासून, म्हणजे २००२ पासून आहे. टॉमकॅटच्या बिन फोल्डरात सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाइल करून त्यात कॅटालिना_ऑप्ट्समध्ये लिहा. जावा_ऑप्ट्समध्येही चालतं, पण ते टॉमकॅट थांबवण्याच्या कमांडलाही लागू होतं. कॅटालिना_ऑप्ट्स फक्त सुरू करताना. कुणी म्हणेल, आम्ही हे कोडमध्ये सेट करतो. करा, पण एडब्ल्यूटीचा पहिला क्लास उठण्याआधी ती ओळ चालली तरच उपयोग, आणि टॉमकॅटमध्ये आपल्या आधी कोण उठलं ह्याची खात्री देता येत नाही. नंतर जेसीएमडी ह्या जावाच्या कमांडला पीआयडी आणि व्हीएम.सिस्टिम_प्रॉपर्टीज देऊन बघा, हेडलेस ट्रू दिसलं पाहिजे. जेसीएमडी ज्या यूजरखाली टॉमकॅट चालतं त्याच यूजरनं चालवा.

हेडलेस लावल्यावर चित्र, फॉन्ट, रंग, फोटो लहान-मोठा करणं, सगळं चालतं. खिडकी, डायलॉग, क्लिपबोर्ड, पडद्याची लांबी-रुंदी विचारणं, हे चालत नाही, हेडलेसएक्सेप्शन येतं. ते आलं तर घाबरू नका, आनंद माना. आमच्याकडे असंच आलं आणि एक जुनं कोडं सुटलं. मुनीमजी कधी कधी सांगायचे, "एखादी पट्टी फिरतच राहते जी, मग पोरगा तिकडं जाऊन ओके दाबते, मग होते." आम्हाला वाटायचं, ब्राउझरमधलं काहीतरी असेल. निघालं काय, तर कुणीतरी चाचणीच्या वेळी चूक दाखवायला जेऑप्शनपेनची खिडकी टाकली होती आणि काढायची राहून गेली होती. वजन रिकामं असलं की ती खिडकी सर्व्हरच्या मॉनिटरवर उघडायची, कापड झाकलेल्या मॉनिटरवर, आणि कुणी ओके दाबेपर्यंत ती मागणी तिथेच टांगलेली. हेडलेसमध्ये खिडकीला जागाच नाही, म्हणून ती ओळ लगेच लॉगमध्ये पकडली गेली.

आता फॉन्ट. डेस्कटॉप काढून टाकला, किंवा नवी मशीन सुरुवातीपासून सर्व्हर म्हणून बसवली, की हा त्रास हमखास येतो. डेस्कटॉपसोबत फॉन्ट आपसूक येतात, सर्व्हरवर येत नाहीत. फॉन्टकॉन्फिग, म्हणजे फॉन्ट शोधून देणारं पॅकेजच, नसेल तर फॉन्टकॉन्फिगरेशन नावाच्या क्लासमध्ये नलपॉइंटर येतो, किंवा "फॉन्टकॉन्फिग हेड इज नल, चेक युवर फॉन्ट्स" अशी स्पष्ट ओळ. ॲप्ट इन्स्टॉल करून फॉन्टकॉन्फिग टाकलं की चूक जाते. पण इंग्रजी फॉन्ट एखादा असला आणि देवनागरी नसला, तर चूक काहीच येत नाही, पट्टीही निघते आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन. ही जास्त वाईट गत, कारण लॉग स्वच्छ असतो. फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज टाका, एफसी-कॅश -एफ चालवा, मग एफसी-लिस्टला :लँग=एमआर देऊन बघा. लोहित देवनागरी यादीत दिसला पाहिजे. जावा फॉन्टची यादी सुरुवातीलाच धरून ठेवतं, म्हणून टॉमकॅट रीस्टार्ट करा. आणि तपासायला "test" लिहू नका. "किलो", "ज्वारी", "तुरीच्या", "काढणाऱ्याची सही" असले शब्द लिहून बघा. ऱ्य नीट आला की मला बाकीचा भरवसा येतो.

जावाचं जे पॅकेज हेडलेस नावानं मिळतं त्यात पडद्याशी बोलणारी लिबएडब्ल्यूटी_एक्सएडब्ल्यूटी ही लायब्ररी नसते. वरची हेडलेस=ट्रूची प्रॉपर्टी लावलेली असेल तर तिची गरजही नाही. त्या नावानं अनसॅटिस्फाइडलिंकएरर आलीच, तर पॅकेज बदलण्याआधी प्रॉपर्टी खरोखर पोचली का ते बघा.

काही हत्यारं खरंच पडद्याविना चालत नाहीत. वेबपानाचं पीडीएफ करणारं, लिनक्सच्या वितरणाबरोबर येणारं डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ त्यातलं एक. तिथे एक्सव्हीएफबी, म्हणजे मेमरीतच काढलेला पडदा, एक्सव्हीएफबी-रननं लावता येतो. लिबरऑफिसला स्वतःचा --हेडलेस आहे, क्रोमलाही आवृत्ती ५९ पासून आहे. पण जावाच्या पट्टीसाठी एक्सव्हीएफबी लावू नका. आमच्या मुलानं तोही प्रयोग केला होता. चालला, पण लाइन गेल्यावर आपोआप उठायला हव्यात अशा वस्तूंत एकीची भर पडली.

डेस्कटॉप बंद करायचा का? माझं मत, करायचा. सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर डॉट टार्गेट. काही काढून टाकावं लागत नाही. कधी लागलाच तर आयसोलेट ग्राफिकल डॉट टार्गेट म्हटलं की परत येतो. मेमरी सुटते ती वेगळी. मोठा फायदा झोपेचा: ग्नोम ह्या डेस्कटॉपमध्ये ३.२८ पासून लाइनवर चालणारी मशीनसुद्धा वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपवण्याची सेटिंग आली, आणि लॉगिनच्या पडद्यावरही ती लागू होते. लाइन आल्यावर मशीन उठते, कुणी लॉगिन करत नाही, आणि ती पुन्हा झोपते. फोन येतो की "सर्व्हर सापडून नाही राहिला". डेस्कटॉपच नसला की झोपवणारं कुणी उरत नाही.

पण थांबा, ही कमांड द्यायच्या आधी नेटवर्क बघा. दुकानात वाय-फाय असेल आणि त्याचा पासवर्ड एका यूजरच्या नावावर साठवलेला असेल, तर तो यूजर लॉगिन करेपर्यंत नेटवर्क लागतच नाही. मशीन जिवंत, टॉमकॅट जिवंत, आणि कुणालाच पोचता येत नाही. जोडणी सर्व यूजरसाठी करून घ्या, किंवा सरळ केबल टाका. आम्ही केबलच टाकली, तीस फूट, भिंतीला खिळे मारून. एसएसएच सेवा एनेबल आहे का तेही तेव्हाच बघून घ्या. आणि बायोसमध्ये दोन गोष्टी: लाइन आल्यावर आपोआप सुरू होणे, आणि कीबोर्ड नसला तरी अडून न बसणे.

मग खरी परीक्षा. हे ऑफिसात बसून होत नाही, तिथेच जावं लागतं. रात्री बाजार शांत झाल्यावर आम्ही गेलो. मुनीमजी थांबले होते. आधी टॉमकॅट आणि पोस्टग्रेस नीट थांबवून बॅकअप घेतला, पुन्हा सुरू केलं आणि मशीन सिस्टिमसीटीएल पॉवरऑफनं बंद केली. यूपीएसचा बटणही बंद केला. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, तिघांच्या वायरी काढल्या. दहा मिनिटं बसलो. कूलरही त्याच स्विचवर होता, त्यामुळे ती दहा मिनिटं घामात गेली. मग लाइन दिली आणि कुणीही मशीनला हात लावला नाही. मी लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही. मोह होतो आणि हात लागला की परीक्षा फुकट जाते.

मुनीमजींच्या फोनवर दीड-दोन मिनिटांनी लॉगिनचं पान आलं. त्यांनी जुन्या नोंदीतली एक पट्टी काढली. नाव पूर्ण, गाव पूर्ण, "क्विंटल" मधला क्वि जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला, लाइन गेली, यूपीएस संपला. सकाळी साडेसातला फोन आला नाही, म्हणून आठला मीच केला.

"सुरू आहे जी सारं. बरं, तो मॉनिटर आता काही कामाचा नाही ना? काट्यापाशी लावून देतो. मापाऱ्याले वजन दिसत नाही दुरून."

लावा म्हटलं.